वीतभर पापलेटाचा प्रश्न

महिन्याच्या पहिल्या रविवारी मासळीबाजारातून जड पिशवी घेऊन परतणारा कारकून आणि शेवटच्या आठवड्यात पाव किलो मांदेलीवर भागवणारा तोच कारकून, हे चित्र मुंबई-कोकणच्या मध्यमवर्गात इतके परिचित आहे की त्यात काही अर्थशास्त्र असेल असे कोणाला वाटत नाही. वस्तुतः ते आहे, आणि चांगलेच शहाणपणाचे आहे. हा माणूस महागाईमुळे मासळी सोडत नसे. ऐपतीप्रमाणे मासा बदलत असे. पापलेट नाही परवडला तर बांगडा, बांगडा नाही तर तारली, आणि अगदीच हात आखडला तर कांद्यावर परतलेला मूठभर जवळा. घरातली गृहिणी या प्रत्येकाला वेगळा न्याय देत असे. बांगड्याला तिरफळ हवे हे तिला ठाऊक होते. बोंबील अंगात पाणी भरलेला, म्हणून तो चिरून वजनाखाली दाबून ठेवल्यावाचून तव्यावर टिकत नाही, हेही ती जाणत होती. करलीच्या काट्यांची तक्रार करणाऱ्या मुलाला ती काटे काढायला शिकवीत असे. करली आणणे बंद करीत नसे. समुद्र ज्या दिवशी जे देईल ते शिजवायचे, असा हा व्यवहार होता.

बाहेरच्या जेवणाची रीतही पूर्वी याहून फारशी निराळी नव्हती. गिरगाव-परळच्या मालवणी खानावळींत त्या दिवशी जे मिळाले ते फळ्यावर खडूने लिहिले जाई, आणि दुपारी दोननंतर आलेल्या गिऱ्हाइकाला त्यातले निम्मे पुसलेले दिसे. अशा काही जागा अजून टिकून आहेत. तथापि आज बहुसंख्य कुटुंबे मासे खायला बाहेर जातात ती फळ्याकडे नव्हे, छापील यादीकडे. ही यादी जानेवारीत जी असते तीच जुलैमध्ये असते: पापलेट, सुरमई, कोळंबी, फार तर बांगडा आणि बोंबील. मांदेली क्वचित, धोमा, वाम, शिंगाळा, लेपा यांना तेथे प्रवेश नाही.

बाहेर जाऊन जेवणे हा काही अपराध नव्हे. नवराबायको दोघेही नोकरीवरून सात वाजता परतत असतील तर मासे साफ करायला वेळ कोठला? शिवाय ज्यांच्या इमारतीत मासळी शिजली की जिन्यात कुजबुज सुरू होते, त्यांना तर हॉटेल हाच आसरा उरतो. (घर भाड्याने देताना माणसाच्या स्वयंपाकघराची चौकशी करणारे हे शहर कोळीवाड्यांच्या किनाऱ्यावर वसले, याची आठवण ठेवण्याची कोणाला गरज वाटत नाही.) तेव्हा आक्षेप बाहेर जेवण्यावर नाही. त्या छापील यादीने समुद्रावर जी मागणी लादली आहे तिच्याकडे आपले लक्ष नाही, हा मुद्दा आहे.

पापलेटाचेच पाहा. हॉटेलाच्या ताटात तो अखंड यावा लागतो. डोक्या-शेपटासकट, सोनेरी तळलेला, लिंबाच्या फोडीसह. अर्ध्या किलोचा मासा एका माणसाच्या ताटात मावत नाही आणि त्याची किंमतही झेपत नाही. म्हणजे हॉटेलाला हवा असतो वीतभर मासा, आणि असा वीतभर पापलेट अनेकदा एकदाही अंडी न घातलेला असतो. घरी मोठा पापलेट आणला तर त्याच्या तुकड्या पडतात आणि चार माणसे जेवतात. हॉटेलात चार माणसांसाठी चार कोवळे मासे लागतात. या साध्या हिशेबाकडे ना गिऱ्हाईक पाहते, ना मालक.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटाला राज्यमाशाचा दर्जा दिला. त्याच सुमारास पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरविण्यात आली. त्याहून लहान मासा पकडू नये, असा हा दंडक. दोन्ही निर्णय स्वागतार्ह होते. त्यांची गरजही उघड होती. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मासळीची आवक २०१८ मध्ये सुमारे २.९५ लाख टन होती. ती २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षीच्या वादळांमुळे होड्यांचे बरेच दिवस बुडाले, हे खरे. आवकेचे आकडे वर्षागणिक खालीवर होतात, हेही खरे. परंतु सातपाटीच्या वृद्ध मच्छीमाराला विचारले तर तो आकड्यांच्या वाटेला जाणार नाही. पूर्वी जाळ्यात येणारा पापलेट केवढा होता, एवढेच तो हात पसरून दाखवील.

याची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष हॉटेलांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पर्ससीन जाळ्यांची संख्या, काळ व क्षेत्र यांवर निर्बंध आले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. प्रखर विजेचे दिवे लावून मासे गोळा करण्याच्या प्रकारावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. १९८१ च्या कायद्यात सुधारणा होऊन दंड वाढला तो २०२१ मध्ये. एवढे सारे झाल्यावरही रत्नागिरी-सिंधुदुर्गचे पारंपरिक मच्छीमार रात्री क्षितिजावर दिसणाऱ्या दिव्यांची तक्रार करीतच असतात. उलट बाजूने, सारा दोष यांत्रिक नौकांचा आणि पारंपरिक जाळी निष्पाप, असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. बारीक आसाच्या डोल जाळ्यात बोंबील-करंदीबरोबर पापलेटाची पिल्लेही सापडतात. शहरांचे सांडपाणी आहे. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली; आपल्या मासेमारीच्या जागा त्यात जातील म्हणून तेथील मच्छीमार विरोध करीत आले आहेत.

परंतु या सगळ्या उपायांचा रोख एकाच दिशेने आहे: नौका, जाळे, बंदर. कोवळ्या माशाला चढा भाव देणारे गिऱ्हाईक मात्र या चित्रात कोठेच नाही. खपणारा माल पकडू नका असे सांगून कोणत्या व्यवसायात कोण थांबले आहे? कर्जाचे हप्ते भरणाऱ्या नौकामालकाने लहान पापलेट परत समुद्रात सोडावा अशी अपेक्षा करायची, आणि तोच मासा शहरात मानाच्या पंगतीत वाढायचा, ही विसंगती आहे.

ऋतूचे भान सुटल्याने होणारी फसगत तर निव्वळ आपली स्वतःची आहे. पूर्वी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून होड्या लोटत नसत; पावसाळ्यात घराघरांत सुके बोंबील, सोडे, सुकट यांचे डबे उघडत. आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून. साहजिकच जुलैमध्ये मुंबईच्या हॉटेलात ‘ताजी’ म्हणून येणारी सुरमई एकतर शीतगृहातील असते, नाहीतर बर्फात घालून दूरच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेली. कोळंबी बहुधा आंध्रातील तलावांत वाढवलेली. ‘फिश टिक्का’ म्हणून येणाऱ्या पांढऱ्या, बिनकाट्याच्या तुकड्याचा समुद्राशी पुष्कळदा संबंधच नसतो. बासा हा मूळचा व्हिएतनाममधील गोड्या पाण्यातला मासा. यांपैकी काहीही खाण्यास वाईट आहे असे नाही. नाव आणि गाव न सांगता ते विकणे वाईट आहे.

हे न सांगणे कोठवर जाऊ शकते ते गोव्याने २०१८ मध्ये अनुभवले. त्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा संशय उत्पन्न झाला. तपासणीच्या निष्कर्षांवरून वाद झाला, आणि अखेर सरकारला बाहेरच्या मासळीवर काही काळ बंदी घालावी लागली. रसायन किती होते याचा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट त्या निमित्ताने सामान्य गोवेकराला उमगली: समुद्राच्या काठी बसून आपण जे हुमण रोज जेवतो त्यातला मासा आपल्या समुद्रातला असेलच असे नाही.

म्हणून मागणी साधी असावी. माशाच्या किमान लांबीची तपासणी बंदराच्या धक्क्यावर थांबू नये. ती घाऊक बाजारात आणि हॉटेलाच्या शीतपेटीतही व्हावी. खाद्ययादीत माशाचे खरे नाव, तो समुद्रातला की तलावातला, ताजा की गोठवलेला, एवढे छापण्याची सक्ती व्हावी. यासाठी नवे महामंडळ नको, समिती तर नकोच. पापलेटाचा तुकडा ताटात वाढला तर हॉटेलाची अब्रू जात नाही. सुरमईचा तुकडाच वाढतात की! आणि ज्या दिवशी मोठा पापलेट नसेल त्या दिवशी फळ्यावर धोमा लिहावा. कोळीणबाई तो अजूनही टोपलीत आणते, कापूनही देते आणि विचारले तर कसा करायचा तेही सांगते. तिच्या टोपलीतला हा स्वस्त मासा दुपारपर्यंत पडून राहतो, कारण नव्या गिऱ्हाइकाला त्याचे नावच ठाऊक नसते.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर पावसाळ्यात हॉटेलात ‘सुरमई ताजी आहे का’ असे विचारून ठरलेले उत्तर ऐकण्याऐवजी ‘ही कुठली आणि कधीची’ असे विचारून पाहावे. वाढपी गोंधळेल. पण तो आत जाऊन मालकाला विचारील, आणि एका संध्याकाळी दहा टेबलांवरून तोच प्रश्न आला तर मालकाला बाजारात जाऊन तो पुढे विचारावा लागेल.