खासदार मिळाला, मत मात्र दिले नाही

वॉशिंग्टनच्या रहिवाशांना अमेरिकी राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येते. परंतु प्रतिनिधिगृहातील त्यांच्या प्रतिनिधीला विधेयकावर मतदानाचा अधिकार नाही. सुरतेत 2024 साली नेमके उलटे घडले. सूचकांनी सह्या आपल्या नसल्याचे सांगितल्यामुळे काँग्रेसचे नीलेश कुंभाणी यांचा अर्ज 21 एप्रिलला फेटाळला गेला. दुसऱ्याच दिवशी उरलेल्या इतर उमेदवारांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले.

7 मे रोजी गोव्याने मतदान केले. त्या दिवशी सुरत शहराच्या एका भागानेही केले, कारण मराठी वस्तीचे लिंबायत, उधना हे भाग नवसारी मतदारसंघात मोडतात. वराछा, कतारगामचे मतदार मात्र घरीच राहिले.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 53(2) नुसार जागेइतकेच उमेदवार उरल्यास मतदान होत नाही. ‘नोटा’ 2013 पासून यंत्रावर आहे. पण यंत्रच लागले नाही, तर ते बटण दाबणार कुठे? बिनविरोध निवड ग्रामपंचायतीत एकोप्याची खूण ठरते, लाखो मतदारांच्या महानगरात नव्हे. माघार हा उमेदवाराचा हक्क खराच. त्यापायी मतदाराचाही हक्क संपावा, हे पटणारे नाही. एकट्या उमेदवारालाही ‘नोटा’ला सामोरे जावे लागेल, एवढी दुरुस्ती संसदेने करावी.