बँडच्या वहीत कानाचा रकाना नाही

लग्नसराई तोंडावर आली की बँडमालकांची धावपळ सुरू होते. नवे ड्रेस शिवायला जातात, टोप्यांवरची जर बदलली जाते, ढोलांना नवी पाने चढतात, ट्रॉलीवरचा जनरेटर दुरुस्त होतो, मागच्या वर्षीपेक्षा मोठा भोंगा विकत घेतला जातो. हा सर्व खर्च पै-पैशासह वहीत उतरतो. आमच्या परिचयाच्या दोन-तीन मालकांनी या वह्या आम्हांला मोकळ्या मनाने दाखविल्या. त्यांत वादकांच्या कानांसाठी एक रुपयाही खर्ची पडलेला आढळला नाही. विचारणा केली तेव्हा एक मालक हसून म्हणाले, "कानाला काय लागतं भाई? लागतं ते तोंडाला, पान आणि तंबाखू!"

आम्हांला हसू आले नाही. कारण त्याच बँडमधील एका जुन्या क्लॅरिओनेटवाल्याने आदल्याच दिवशी आम्हांला आपली कहाणी ऐकविली होती. बावीस वर्षे तो वरातीत वाजवीत आहे आणि त्याची जागा ठरलेली, भोंग्याच्या अगदी पुढे. आता रात्री उशीला डोके टेकले की कानात बारीक शिट्टी सुरू होते, ती पहाटेपर्यंत थांबत नाही. घरातील पोरे बोलतात ते ऐकू येते, पण समजत नाही. वरच्या पट्टीतले सूर बोटांच्या सवयीवर वाजवितो, कानांच्या भरवशावर नाही. "मास्तरला सांगू नका, उद्यापासून सुपारीला दुसरा माणूस जाईल," असे त्याने दोनदा बजावले. आजार लपवून ठेवावा लागतो, हीच या पेशाची खरी अडचण आहे.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग आहे. त्यात जन्मतः सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. मोठ्या आवाजाच्या माऱ्याने त्या आधी थकतात आणि मग मरतात. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. वरातीनंतर कान दडे बसल्यासारखे वाटतात आणि सकाळी मोकळे होतात, म्हणून आपण निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात ती पहिली ताकीद असते. नुकसान बहुधा 4000 हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते. त्यामुळे 'स', 'श', 'फ' ही अक्षरे आणि वाद्याची झळाळी आधी जाते. ढोलाचा दणका मात्र ऐकू येतच राहतो, म्हणून माणूस आपण बहिरे नाही असे समजून चालतो.

आता हिशेबाच्या भाषेत बोलू. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने 1998 मध्ये जो दाखला घालून दिला, त्यानुसार 85 डेसिबलच्या आवाजात 8 तास काम करता येते. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते: 88 ला 4 तास, 91 ला 2 तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटे. ताशाजवळ किंवा ट्रंपेटच्या तोंडाशी 100 सहज ओलांडले जातात. वरात चालते दोन-तीन तास, आणि हंगामात दिवसाला दोन वराती. भिवंडी-मालेगावात दिवसा लूमवर उभा राहून संध्याकाळी ताशा गळ्यात अडकविणाऱ्याची स्थिती तर कर्जावर कर्ज काढणाऱ्यासारखी आहे. शेडमधील खडखडाटही 90 च्या वरच असतो.

हा प्रश्न केवळ बँडवाल्यांचा नाही. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे पाहा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ही विद्या एकोणिसाव्या शतकात हस्तगत केली आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर घोडीवर कानस फिरवितो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस फिरवितो. जवारी लागली की नाही हे कोणतीही फूटपट्टी सांगत नाही, कानच सांगतो. आणि जवारीची सगळी खुमारी वरच्या बारीक स्वरांत असते, म्हणजे आवाजाचा मार जेथे आधी बसतो नेमकी तेथे. ज्याच्या कारखान्यात विजेचा रंधा आणि ग्राइंडर शिरला आहे, त्याने रंध्याच्या वेळी कान झाकले नाहीत तर तो आपले सर्वांत महाग हत्यार बोथट करीत आहे.

"संगीत म्हटले की आवाज आलाच, त्याला इलाज नाही," असे मालक सांगतात. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसनेही न्यायालयात साधारण हेच सांगितले होते. 2012 मध्ये तेथे वाग्नरच्या ऑपेराची तालीम चालू असताना एक व्हायोलावादक पितळी वाद्यांच्या ऐन पुढ्यात बसला होता आणि त्याच्या कानांना कायमची इजा झाली. संस्थेने कानबोळे दिलेले होते, पण ते केव्हा घालायचे हे वादकावर सोडले होते. 2018 मध्ये निकाल वादकाच्या बाजूने लागला आणि 2019 मध्ये अपिलातही जबाबदारी संस्थेचीच ठरली. आवाजाच्या नियमांपुढे कारखाना आणि ऑपेरागृह यांत फरक नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम रात्री दहानंतर भोंगा बंद करायला लावतात. ते झोपणाऱ्यासाठी आहेत. वाजविणाऱ्याची विचारपूस त्यांत नाही, म्हणून ती मालकालाच करावी लागेल.

कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि अत्तराचा फाया कानात शोभतो, आवाज अडवीत नाही. फोमचे बोळे एक-दोन चहांच्या किमतीत जोडी मिळतात. ते बारीक वळून खोलवर घातले, तरच काम करतात. ढोल-ताशेवाल्यांना ते पुरेसे आहेत. सूर धरणाऱ्यांची तक्रार मात्र रास्त आहे, कारण फोम वरचे स्वर जास्त खातो आणि सगळे घुमल्यासारखे वाटते. त्यासाठी अमेरिकेत 1988 पासून खास वादकांचे बोळे निघाले. ते सर्व स्वर सारख्याच प्रमाणात, सुमारे 15 डेसिबलने, खाली आणतात. या जातीचे बोळे काही हजारांपर्यंत जातात. हंगामाच्या दोन सुपाऱ्यांच्या बयाण्यात चार सूरवाल्यांची सोय होईल, असा आमचा अंदाज आहे.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. भोंगा ट्रॉलीवर उंच बांधून वादकांपासून दूर वळवावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. भोंग्यापुढची जागा एकाच माणसाच्या नशिबी न लिहिता पाळीने बदलावी. हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर सर्वांची ऑडिओमेट्री करावी. ही तपासणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात होते, तसेच मुंबईत वांद्रे येथे 1983 साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेतही होते.

तपासणीचा कागद पाहून मालकाने माणसाला घरी बसविले, तर पुढच्या वर्षी कोणीही तपासणीला येणार नाही. आमच्या क्लॅरिओनेटवाल्याला मागच्या ओळीत, भोंग्यापासून दूर जागा मिळाली आणि कानात चांगले बोळे मिळाले, तर तो अजून कित्येक हंगाम वाजवू शकेल. त्याच्या मास्तरशी आम्ही याच महिन्यात बोलणार आहोत, अर्थात त्याचे नाव न घेता.