फडताळ अडले आहे

माझे आणि यंत्रांचे कसे काय जमते, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आता सांगायला नको. मिक्सरच्या भांड्याचे प्रकरण वाचून काही भगिनींनी पत्रे पाठवून माझे सांत्वनही केले होते. तेव्हा दिवाळी अंकात तरी यंत्रांना रजा द्यावी आणि काही प्रसन्न, मंगल लिहावे, असे मनात होते. पण मध्येच जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

२०२५ सालच्या अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, रविवार. गणपती गेल्यामुळे घर ओकेबोके झालेले. मखराच्या जागी नुसता पाट. परीक्षेचे गुण भरून टाकावेत म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि कळ दाबली. पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरू लागले. मी चहा टाकला, उकळला, गाळला, प्यायले, कप विसळून पालथा घातला. ठिपके आपले फिरतच होते. पाऊण तासाने एक पत्र लिहायला मिळाले, तर 'प्रति' हा साधा शब्द उमटेना. आधी काहीच नाही, मग 'प्र', आणि मी खिडकीबाहेर बघून परत वळले, तेव्हा 'ति'.

हा लॅपटॉप २०१८ सालचा. म्हणजे तरुण नव्हे, हे कबूल. पण आदल्या आठवड्यापर्यंत तो चांगला चालत होता. वय झाले म्हणावे, तर वय असे एका रात्रीत येत नाही, हे चाळिशी ओलांडलेल्या बाईला कोणी शिकवायला नको.

आपल्याकडे आजारी माणसाला आणि बिघडलेल्या यंत्राला सल्ल्यांची वाण कधी पडत नाही. हे म्हणाले, "अगं, एकदा बंद करून पुन्हा चालू कर." (आमच्या घरातल्या यच्चयावत दुखण्यांवरचे यांचे हे एकच औषध.) शेजारच्या काकांनी व्हायरसचे निदान केले. कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, मेमरी वाढवा, चार हजारांचे काम. मी सगळ्यांचे ऐकले. व्हायरस शोधणारा कार्यक्रम लावला, तर होते नव्हते तेवढे त्राणही गेले. कारण तो बिचारा सगळी तबकडी पानन् पान वाचत बसतो. बंद करून चालू करण्यातही एक गंमत मला तेव्हाच समजली. विंडोज १० मध्ये आपण 'शट डाउन' म्हणतो, तेव्हा यंत्र बहुधा पुरते झोपतच नाही. उद्या लवकर उठता यावे म्हणून ते आपल्या गाभ्याची अवस्था लिहून ठेवते आणि सकाळी तीच पुन्हा वाचते. खरी कोरी सुरुवात हवी असेल, तर 'रिस्टार्ट' म्हणावे लागते. यांना हे सांगितल्यावर यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सात वर्षे हे चुकीचे औषध देत होते! मी रिस्टार्ट केले. काही फरक पडला नाही.

शेवटी अकरावीतली लेक आली. तिने मला बाजूला सारले, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या आणि बराच वेळ वाट पाहिल्यावर एक तक्ता उघडला. म्हणाली, "आई, हे बघ. सीपीयू सहा टक्के. मेमरी साठ टक्के. आणि डिस्क शंभर टक्के."

"म्हणजे डिस्क फार काम करत्ये?"

"तेच तर! शंभर टक्के वेळ कामात आहे, आणि सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा वाचत नाहीये."

मला हे समजायला थोडा वेळ लागला. मग आपल्या भाषेत मांडून बघितले. प्रोसेसर म्हणजे बसलेल्या माणसाचे डोके. मेमरी म्हणजे त्याच्यापुढचे टेबल. जेवढे मोठे, तेवढे कागद एकदम पसरता येतात. आणि डिस्क म्हणजे पाठीमागचे फडताळ. आमच्या या माणसाचे डोके रिकामे होते, टेबलावरही जागा होती. तो सगळा वेळ फडताळाशी उभा होता. एकच कागद ओढत होता आणि तो कागद काही निघत नव्हता. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचे ऐकून मी मोठे टेबल आणले असते, तरी तो फडताळाशीच उभा राहिला असता.

माझ्या लॅपटॉपमधले फडताळ जुन्या पद्धतीचे, म्हणजे खरोखर फिरणारे होते. त्यात चकचकीत तबकड्या असतात, त्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, आणि वाचणारे टोक तबकडीला न शिवता तिच्यावर केसाच्या जाडीच्या कितीतरी हजाराव्या हिश्शाएवढ्या अंतरावरून तरंगत असते. हे वाचल्यावर मला आश्चर्य वाटले ते बिघडल्याचे नव्हे, सात वर्षे न बिघडल्याचे. तबकडीचा एखादा कण खराब झाला, की टोक ते अक्षर पुन्हा पुन्हा वाचून पाहते. आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे यंत्र ताटकळते. लेकीने मला लॅपटॉपला कान लावायला सांगितले. आतून आवाज येत होता. टक्. टक्. मग जरा घरघर. पुन्हा टक्.

या तबकड्या आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवतात, हे किती माणसांना ठाऊक असेल? किती जागा निकामी झाल्या, किती जागांऐवजी राखीव जागा वापरली, किती जागांचा निकाल अजून लागायचा आहे, सगळे लिहिलेले असते. फक्त कोणी विचारत नाही. ती नोंद दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे एक फुकट मिळणारे साधन आहे. लेकीने ते चालवले. जिथे निळे हवे होते, तिथे पिवळे आले. सावधान.

ती म्हणाली, "आई, यात असं काही आहे का, जे दुसरीकडे कुठेच नाही?"

आणि माझ्या पोटात गोळा आला.

माझ्या आत्याची सदतीस ध्वनिमुद्रणे त्यात होती. आत्या राजापूरकडची, लग्न होऊन डोंबिवलीला आली, पण बोलणे तिकडचेच राहिले. २०१९ ते २०२२ या वर्षांत सुटीच्या दुपारी मी तिच्यापुढे मोबाईल ठेवून तिला बोलते केले होते. गडगा, बेडे, पाखाडी, साकव, व्हायन, इरले, एकेक शब्द आणि त्याच्यामागचे घर, माणसे, भांडणे. हे शब्द कोशात सापडतात. पण इरल्याखाली पाठ कशी अवघडते, ते सापडत नाही. पुढे मोबाईल भरला म्हणून मी सगळे लॅपटॉपवर घेतले आणि मोबाईलवरचे पुसून टाकले. वर्गात दरवर्षी मुलांना बजावते, प्रबंधाची प्रत दोन ठिकाणी ठेवा. आत्या आता शहाऐंशी वर्षांची आहे. गेली दोन वर्षे तिचे विसरणे वाढले आहे. मला ओळखते, पण कधी कधी माझ्या आईच्या नावाने हाक मारते. ती मुद्रणे पुन्हा करता येण्याजोगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. दुकानातला मुलगा भला होता. म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून देतो, आठशे रुपये. नाहीतर नवीनच घ्या ना. विंडोज दहाचे दिवस भरले, चौदा ऑक्टोबरला कंपनी त्याची निगराणी थांबवत्ये." कंपनीचे त्याने सांगितलेले खरेच होते. पण फॉरमॅट म्हणजे काय, हे मी एव्हाना वाचले होते. अडलेल्या फडताळातले कागद फेकून ते वरून पुसून देण्याचा तो प्रकार. मी लॅपटॉप छातीशी धरून घरी आले, जशी काही कोणी ओढूनच घेणार होते!

रात्री आम्ही एक बाहेरची डिस्क आणून ध्वनिफिती उतरवू लागलो. दहा उतरल्या. अकराव्यावर पट्टी अडली ती अडलीच. टक्. टक्. लेक म्हणाली, तबकडी दुरुस्त करण्याची विंडोजची एक आज्ञा आहे, ती देऊन बघू या का? सुदैवाने त्याआधी मी आमच्या कॉलेजातल्या संगणकशास्त्राच्या प्राध्यापिकेला फोन केला. ती ओरडलीच. "आधी बंद करा! दुरुस्ती नको, डीफ्रॅग नको, काही नको. मरणाऱ्या माणसाला कोणी घर आवरायला लावतं का?"

पुढचे काम तिने प्रयोगशाळेत केले. लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या विंडोजवर चालू न करता पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर चालू केला आणि डीडीरेस्क्यू नावाचा कार्यक्रम लावला. या कार्यक्रमाची रीत मला इतकी आवडली, की मी ती वर्गात सांगितली. हा सगळी तबकडी दुसरीकडे उतरवतो. पण वाटेत एखादी जागा वाचता आली नाही, तर तिथे अडून बसत नाही. तिची टीप ठेवतो आणि पुढे जातो. सोपे सोपे सगळे पदरात पडले, की मग टीप उघडून अवघड जागांकडे परत येतो. मध्येच वीज गेली, तरी त्या टिपेवरून पुन्हा तिथूनच सुरू करता येते. प्रश्नपत्रिका अशीच सोडवा, म्हणून मी वीस वर्षे घसा कोरडा करते आहे. पण आमची मुले पहिल्या प्रश्नाच्या 'अ'मध्ये अर्धा तास घालवतात. तरी मी काय वेगळे करत होते? अकराव्या फितीवर मीच तासभर बसले होते.

दोन रात्री आणि एक दिवस लागला. त्या काळात घरात माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही. एकदा यांनी आपण होऊन कुकर लावला, यावरून काय ते समजावे.

छत्तीस फिती सबंध निघाल्या. सदतिसावीत मध्ये सलग एक पट्टा गेला होता. सुमारे चार मिनिटे.

बाकीची हकीगत थोडी आहे. फिरणाऱ्या तबकडीच्या जागी न फिरणारे, चिपांचे नवे फडताळ बसवले. आता कळ दाबल्यावर चहाचे आधण ठेवायलाही सवड मिळत नाही. लेकीने मुद्रणांच्या तीन प्रती केल्या आणि त्यांतली एक मुद्दाम मामाच्या घरी ठेवली. आमच्या घरावर तिचा विश्वास उरलेला नाही.

नवरात्रातल्या एका दुपारी मी ती सदतिसावी फीत घेऊन डोंबिवलीला गेले. ती घिरटाची होती. घिरट म्हणजे भात भरडायचे जाते. आजोळी ते कोणी करून दिले, कुठे मांडलेले होते आणि ते अडले म्हणजे काय करायचे, हे आत्याने त्यात सांगितले होते, आणि नेमके तेच चार मिनिटांत गेले होते. मनात आले, निदान तेवढे तरी पुन्हा विचारावे.

आत्या गॅलरीत ऊन खात बसली होती. मी विचारले, "आत्या, घिरट आठवतंय?" ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "गिरणीत दे गो दळण. आता कोण भरडत्ये?"

मग मी तिच्या मांडीवर लॅपटॉप ठेवून फीत लावली. तिचाच सहा वर्षांपूर्वीचा आवाज, ठणठणीत. पहाटेचा काळोख, दोघी समोरासमोर बसलेल्या. आत्या मान हलवत ऐकत होती. मधूनच "बरोबर," "अस्संच हो," म्हणत होती. एकदा उजवा हात आपोआप फिरू लागला आणि थांबला.

"कोण गो ही बोलत्ये?" तिने विचारले.

मी काही सांगायच्या आत फितीतली आत्या म्हणाली, की घिरट अडलं तर मग... आणि आवाज गेला. आत्याने क्षणभर वाट पाहिली, पडद्याकडे बघितले, मग माझ्याकडे.

"चांगली सांगत होती की. शहाणी दिसत्ये," ती म्हणाली. "पुढचं तिलाच विचार हो."