दरड नेमकी कोणावर कोसळते?

दरड कोसळली की राज्यकर्त्यांच्या मुखी ठरलेला शब्द येतो : नैसर्गिक आपत्ती. हा शब्द उच्चारताच सारा दोष ढगांकडे जातो आणि शासन दात्याच्या भूमिकेत उभे राहते. रायगड जिल्ह्याचा इतिहास या शब्दाचा फोलपणा उघड करतो.

जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. 22 जुलै 2021 रोजी सावित्रीच्या पुरात महाड शहर बुडालेले असताना त्याच तालुक्यातील तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी हा ठाकरांचा पाडा गाडला गेला. 27 मृतदेह हाती लागले. 57 जण बेपत्ता असतानाच शोधकार्य थांबले.

ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्यानंतर विधिमंडळात सांगण्यात आले. हा बचाव नव्हे. ही कबुली आहे. 2005 च्या धड्यानंतर 18 वर्षांनीही ज्यांना आपल्या जिल्ह्यातील धोक्याची वाडी ओळखता येत नाही, त्यांनी निसर्गाकडे बोट दाखवू नये. आणि यादीतील गावांना तरी काय मिळते? पावसाच्या तोंडावर स्थलांतराची नोटीस! गुरेढोरे घेऊन जायचे कोठे, हे त्या नोटिशीत लिहिलेले नसते.

‘लोकच हलायला तयार नसतात’ हा सरकारी गोटातील आवडता युक्तिवाद. वस्तुतः ठाकर-कातकरी उतारावर राहतो, तो हौसेने नव्हे. सपाट जमिनीची किंमत बंगलेवाले व शेतघरवाले ठरवतात. कष्टकऱ्याच्या वाट्याला डोंगरच उरतो. तो सोडायचा म्हणजे नाचणीची वरकस, रानाचा आधार आणि गुरांची चराई सोडायची. पावसाचे प्रमाण निसर्ग ठरवीत असेल. परंतु त्या पावसात कोण मरणार, हे जमिनीची मालकी ठरवते.

पैसा नाही, ही सबबही टिकत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच तालुक्यातून जातो. इर्शाळवाडीला मात्र गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके पायी चढली, यंत्रे पायथ्याशीच अडकली. मृतांच्या वारसांना पाच-पाच लाख रुपये जाहीर झाले. माणूस मेल्यावर तिजोरी उघडते. तो जिवंत असताना चार गुंठे सुरक्षित जमीन मात्र सापडत नाही, हे कोणते अर्थशास्त्र?

डोंगरफोडीला आवर घाला आणि निर्णय ग्रामसभांच्या हाती द्या, असे माधव गाडगीळ समितीने 2011 मध्येच सांगितले होते. तो अहवाल राज्यकर्त्यांनी बासनात गुंडाळला.

तेव्हा मागणी मदतीची नव्हे, हक्काची असली पाहिजे. धोक्याच्या वाड्यांची यादी ग्रामसभांसमोर तयार व्हावी. दरड कोसळण्यापूर्वी पुनर्वसन व्हावे. नव्या जागी घराबरोबर कसण्यास जमीन मिळावी आणि 2006 च्या कायद्याने दिलेला वनहक्क अबाधित राहावा. कार्यकर्त्यांनी पावसाळ्याची वाट न पाहता वाडीवाडीवर जावे, भेगा पडलेल्या उतारांची नोंद ग्रामसभेत करून घ्यावी आणि ती घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर धडक द्यावी. श्रद्धांजलीच्या सभा पुष्कळ झाल्या. आता जिवंतांच्या सभा व्हायला हव्यात.