जळू ही गांडुळाची कोण?

मंडळी, गांडूळ म्हटलं की 'शेतकऱ्याचा मित्र' आणि जळू म्हटलं की 'रक्तपिपासू', एवढं आपल्याला तोंडपाठ असतं. माझं म्हणणं असं, की मुलांना प्राण्यांची पहिली ओळख उपयोग-उपद्रवावरून करून देऊ नये.

सवय जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत जळवांचे 12 प्रकार आहेत: 6 सविष, 6 निर्विष. रक्त काढणाऱ्या वैद्याला तेवढं पुरेसं होतं. पुढे शाळेच्या पुस्तकांत वलयांकित प्राण्यांचे तीन कप्पे आले. अंगावर पुष्कळ दृढरोम तो समुद्रातला नेरीस, मोजके असतील ते गांडूळ, नसतील ती जळू.

आता जनुकांच्या अभ्यासातून कळलंय की हे कप्पे तितके पक्के नाहीत. जळू ही गांडुळांच्याच कुळातली एक फांदी, आणि ते सगळं कूळ नेरीसच्या गोतावळ्यातून निघालेलं. खुणाही आहेतच की! दोघांतही नर-मादी एकाच देहात, आणि दोघांचाही अंड्यांचा कोश अंगावरच्या जाडसर पट्ट्यातून तयार होतो. एकाने माती खाल्ली, दुसरीने रक्त, म्हणून नातं तुटत नाही.

म्हणून मुलांना आधी विचारावं, "हा कोणाचा नातेवाईक?" "याचा उपयोग काय?" हे नंतर. नाहीतर तोच प्रश्न ती उद्या माणसांनाही लावतील. निवृत्त माणसाला तो जरा जास्तच टोचतो!

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.