ही झोप नव्हे!
बंगळुरूच्या निम्हान्समधील व्यसनोपचार तज्ज्ञांनी छत्तीसगडच्या दुर्गम जिल्ह्यांतील समुपदेशकांना व्हिडिओद्वारे प्रशिक्षण दिले. थोडे ज्ञान घरच्यांनाही हवेच.

उपचार घेऊन परतलेला मुलगा पुन्हा हेरॉइनकडे वळला, तर पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते, कारण शरीराची सवय मोडलेली असते. श्वास मंदावतो, ओठ निळसर पडतात, घशात घरघर लागते. घरचे म्हणतात, ‘झोपू द्या त्याला!’

हलवूनही जाग येत नसेल, तर पाणी पाजू नका. १०८ला फोन करा. श्वास चालू असल्यास कुशीवर वळवा. नशा कशाची केली, ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अब्रूची काळजी नंतर! नॅलोक्सोनच्या इंजेक्शनने श्वास सुधारतो. मात्र त्याचा अंमल नशेआधीच ओसरू शकतो, म्हणून शुद्ध आली तरी रुग्णाला लगेच घरी नेऊ नका.