मांड बसायला वयाची अट नाही

सुट्टीच्या दिवशी सकाळी बंगळुरूतील एखाद्या घोडेस्वारी शाळेच्या कुंपणापाशी उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. आत आठ-दहा वर्षांची मुले शिरस्त्राण बांधून ऐटीत घोड्यावर बसलेली असतात आणि बाहेर आईवडील कौतुकाने पाहत असतात. त्यातल्या एखाद्या आईच्या मनात येते, 'मलाही जमेल का?' पण लगेच ती स्वतःला गप्प करते. चाळिशी जवळ आली, आता हे काय नसते खूळ! पडले तर घर कोण सांभाळणार? आणि लोक काय म्हणतील?

लोकांची काळजी सोडून द्यावी. पडण्याचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर आधी शोधायला हवे.

घोड्यांचे शहर

बंगळुरूची हवा थंड आणि घोड्यांना मानवणारी. देवनहळ्ळीजवळ 1996 मध्ये सुरू झालेली एम्बसी रायडिंग स्कूल ही इथली परिचित संस्था. याच शहरातील फवाद मिर्झाने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीची दोन रौप्यपदके मिळवली आणि 2021 मध्ये तो टोकियो ऑलिंपिकमध्येही उतरला.

फवाद तर लहानपणापासूनचा स्वार. पण या खेळात वयाचे बंधन किती सैल आहे पाहा. जपानचे हिरोशी होकेत्सू 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा ते 71 वर्षांचे होते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओने गुडघ्याखाली अधू झाले होते. घोड्यावर चढता-उतरताना त्यांना आधार लागे. तरीही 1952 मध्ये त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने खेळून रौप्यपदक पटकावले. पदक मिळवणे हे काही नवशिक्याचे ध्येय नव्हे. बळापेक्षा तोल आणि समज इथे मोठी, एवढेच यातून घ्यायचे.

पहिला धडा जमिनीवर

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, असे गमतीने म्हटले जाते. त्यातला घोड्याचा भाग शास्त्रशुद्ध आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला अगदी मागचे दिसत नाही आणि अचानक चाहूल लागली तर तो लाथ झाडतो. म्हणून बोलत-बोलत, त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूने जावे. पहिले काही दिवस मोतद्दाराबरोबर खरारा करावा. अंगावरून हात फिरवता-फिरवता घोड्याची ओळख होते आणि आपली भीतीही ओसरते.

मोठ्या माणसाची खरी अडचण हीच भीती. मूल पडले तरी कपडे झटकून पुन्हा चढते. मोठा माणूस पडण्याआधीच दहा विचार करतो, श्वास रोखतो, मांड्या आवळतो. पाठीवरचा हा ताण घोड्याला तत्काळ कळतो आणि तोही बिचकतो. म्हणूनच काही शिक्षक नवशिक्याला मोठ्याने आकडे म्हणायला किंवा गुणगुणायला सांगतात. बोलणाऱ्याला श्वास रोखून धरता येत नाही!

सुरुवातीला शिक्षक घोडा लांब दोरीने गोल फिरवतात. लगाम त्यांच्या स्वाधीन, आपण फक्त तोल सांभाळायचा. टाचा खाली, नजर समोर. दुडकी चाल सुरू झाली की हाडे खिळखिळी झाल्यासारखी वाटतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरणे कठीण होते. पण नियमित सरावाने शरीर चालीची लय पकडते. यालाच मांड बसणे म्हणतात.

शाळा निवडताना

पैसे भरण्यापूर्वी एक वर्ग नुसता बसून पाहावा. प्रत्येक स्वाराच्या डोक्यावर घोडेस्वारीचेच शिरस्त्राण आहे का? स्कूटरचे हेल्मेट चालत नाही. नवशिक्यासाठी शांत, वयस्क घोडे आहेत का? शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा देणार असतील, तर त्याला पुन्हा शिकवले आहे का, हे विचारावे. घोड्यांच्या फासळ्या दिसत असतील, खोगिराखाली जखमा असतील, तर तिथून परत फिरावे. जिथे घोड्याची आबाळ होते, तिथे माणसाची काळजी कोण घेणार?

बुटाला साधारण इंचभर टाच आणि गुळगुळीत तळवा असावा. पाय रिकिबीत अडकून फरफटत जाण्याचा धोका त्याने कमी होतो. आपले वजन शाळेला खरे सांगावे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे 400 किलोच्या घोड्यावर 80 किलोपर्यंतच भार. पाठीचे दुखणे, ठिसूळ हाडे किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणात हा नाद नकोच. धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

एवढे करूनही कधीतरी पडणे होईलच. पण घाईने भरधाव सुटलेल्याचे पडणे वेगळे आणि पायरीपायरीने शिकणाऱ्याचे वेगळे. तेव्हा पुढच्या वेळी मुलाला सोडायला गेल्यावर कुंपणाबाहेर थांबू नये. आत जाऊन एवढेच विचारावे, "मोठ्यांचा वर्ग कधी असतो?"